ड्रमवरचं नाव

मधुमेहाचं निदान झालं की बहुतेक डॉक्टर पहिली गोळी लिहितात ती मेटफॉर्मिनची. 1922 साली डब्लिनच्या प्रयोगशाळेत ती पहिल्यांदा तयार झाली आणि 1957 साली पॅरिसच्या ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी ती मधुमेही रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. तिच्यावरची मक्तेदारी संपूनही जमाना झाला. करायची रीत रसायनशास्त्राच्या मानानं साधी आहे. डायसायनडायमाइड आणि डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड हे दोन पदार्थ रिअॅक्टरमध्ये एकत्र तापवायचे. जो पांढरा माल तयार होतो तो सेंट्रिफ्यूजमध्ये गाळायचा, धुवायचा, ड्रायरमध्ये सुकवायचा, चाळायचा आणि ड्रममध्ये भरायचा. ड्रमवर लेबल लागतं: औषधाचं नाव, कुठल्या फार्माकोपियाच्या मानकाप्रमाणे बनवलं ते, बॅच नंबर, तारीख, वजन. नाव एकच असतं, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड.

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला पसरलेल्या तारापूर एमआयडीसीत असे ड्रम रोज भरतात. आरती ड्रग्ज, ल्युपिन यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांपासून ज्यांची ओळख फक्त प्लॉट नंबरापुरती आहे अशा लहान युनिटपर्यंत कितीतरी जण इथे 'बल्क'चं काम करतात. बल्क म्हणजे गोळी नव्हे, गोळीतलं मूळ औषध. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेटफॉर्मिन ही नावं इथल्या शिफ्टच्या कामगारांना तोंडपाठ असतात, कारण ती त्यांच्या बॅचशीटवर असतात. डोक्यावर टोपी आणि नाकावर मास्क लावून ड्रायरमधून माल काढणारा माणूस ज्या पदार्थानं पांढरा होऊन घरी येतो, त्याचं नाव त्याला न कळून कसं चालेल?

हाच माणूस संध्याकाळी नवापूर रोडवरच्या मेडिकलमध्ये उभा राहतो तेव्हा मात्र ते नाव तिथे कुणी घेत नाही. चिठ्ठीवर ग्लायकोमेट असतं, ओकामेट असतं, नाहीतर कालपरवा बाजारात आलेलं कुठलं तरी नवं नाव असतं. मेटफॉर्मिन विकणारे ब्रँड देशात शेकड्यांनी आहेत. ड्रममधला माल ट्रकनं दमण, सिल्व्हासा, बद्दी, सिक्कीमकडे जातो. तिथे त्याच्या गोळ्या पाडल्या जातात आणि एकाच कारखान्यात अनेक कंपन्यांच्या नावांच्या फॉइलमध्ये त्या बंद होतात. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत दोन पत्ते असतात, बनवणाऱ्याचा एक आणि विकणाऱ्याचा दुसरा. बनवणाऱ्याचा पत्ता बहुतेक कुणी वाचत नाही. वाचलात तर वेगवेगळ्या तालेवार कंपन्यांच्या स्ट्रिपवर बद्दीच्या एकाच कारखान्याचा पत्ता सापडू शकतो.

इथे वाडा कोलमची आठवण येते. बाजारात वाडा कोलम लिहिलेल्या प्रत्येक पोत्यात वाड्याचा तांदूळ असतोच असं नाही, हे पालघर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. औषधाचं नेमकं उलटं झालंय. पोत्यांवरची नावं शंभर, आत तांदूळ एकच.

हे असं का झालं, याची मुळं आपल्याच कर्तबगारीत आहेत. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तोवर भारतातली औषधं बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या हातात होती आणि भाव जगात चढे म्हणावेत असे होते. अय्यंगार समितीनं 1959 साली अहवाल दिला. त्यातून 1970 चा पेटंट कायदा आला आणि 1972 पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणार नाही, फक्त करण्याच्या पद्धतीवर मिळेल, असं या कायद्यानं ठरवलं. मग आपल्या रसायनतज्ज्ञांनी पद्धती बदलून तेच रेणू बनवायचा सपाटा लावला. तारापूरसारख्या वसाहतींतला औषध उद्योग त्याच लाटेवर वाढला. 2001 साली मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजारांच्या घरात होता. 2005 पासून रेणूवरचं पेटंट पुन्हा आलं. तरी 2012 साली मुंबईच्या पेटंट कार्यालयातून निघालेल्या आदेशानं कॅन्सरच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून नऊ हजारांच्या आत आणला. जेनेरिकच्या बाबतीत जगाला शिकवायची आपली लायकी आहे, यात शंका नाही.

पण जे जेनेरिक आपण जगाला नुसत्या औषधाच्या नावानं पाठवतो, तेच घरात ब्रँडचं नाव लावून विकतो. 1975 साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीनं ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं बंद करा, असं सांगितलं होतं. सरकारनं पुढे निवडक औषधांपुरता हात घातला, त्यात ॲनाल्जिन आणि ॲस्पिरिन होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ते प्रकरण तिथेच थंडावलं. अमेरिकेत डॉक्टरनं ब्रँड लिहिला तरी फार्मासिस्ट त्याच्या तोडीचं जेनेरिक देऊ शकतो. तोडीचं कुठलं, याची सरकारी यादी त्याच्या हाताशी असते. आपल्याकडे तसं नाही, हे मला काउंटरच्या अलीकडे उभं राहून कळलं.

एमआयडीसीलगतच्या एका गावातले निवृत्त ऑपरेटर माझ्या ओळखीचे आहेत. पंचवीसेक वर्षं बल्क ड्रगच्या प्लँटमध्ये काढलेला माणूस. नाव आणि कंपनी, दोन्ही नकोत, असं त्यांनीच बजावलं. चिठ्ठीवर चार नावं. दर महिन्याचं बिल पेन्शनच्या मानानं डोईजड.

"काका, चारही आहेत, देऊ?" मेडिकलवाल्या मुलानं विचारलं.

"देतोस काय? आधी सांग, ह्यात मेटफॉर्मिन कितीची आहे?"

"पाचशे एसआर. आणि बरोबर ग्लिमेपिराइड एक."

"मग तीच दुसऱ्या कंपनीची स्वस्त नाही का? अरे, हा माल आम्ही टनांनी काढायचो."

पोरगा हसला. "आहे ना काका. पण डॉक्टरांनी हीच लिहिलीय. उद्या त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

पोरगा टाळाटाळ करत होता असं वाटेल, पण कायद्यानं तो बरोबर होता. औषध नियमांतला 65 (11अ) हा नियम सांगतो की चिठ्ठीवर लिहिलेल्या शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाऐवजी दुसरं काहीही देता येणार नाही, मग आत तेच औषध का असेना. मधुमेह, रक्तदाब, अँटिबायोटिक, यातलं बरंचसं शेड्यूल एचमध्ये येतं. म्हणजे डॉक्टर नाव लिहितो पण विकत घेत नाही, पेशंट पैसे देतो पण निवडत नाही, आणि ज्याला दोन्हींची माहिती आहे त्या फार्मासिस्टला बदलायची मुभा नाही. प्रत्यक्षात बदल रोज होतो. हवी ती कंपनी नसली की "सेम कंटेंट आहे" म्हणत दुसरी पुढे सरकते. पण ते होतं नियमाच्या आडून, दुकानदाराच्या सोयीनं. पेशंटच्या खिशाचा विचार त्यात असतोच असं नाही.

दुकानदाराची सोय म्हणजे काय, तेही समजून घ्यायला हवं, कारण सगळ्या गुंत्याची गाठ तिथे आहे. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के धरलेले असतात. नियंत्रणाबाहेरच्यांवर प्रघात वीस टक्क्यांचा. पण 'जेनेरिक' म्हणून जो माल स्टॉकिस्टकडून थेट येतो, ज्याच्यासाठी एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांच्या दारात बसत नाही, त्याचा हिशेब निराळाच. तो दुकानात येतो अगदी कमी भावात. स्ट्रिपवर छापील किंमत मात्र नामवंत ब्रँडच्या जवळपासची. मधला सगळा पैसा दुकानाचा. एखादा दुकानदार त्यातून चाळीस-पन्नास टक्के सूट देतो आणि दारावर फलक लावतो, एखादा छापील किंमत घेऊन मोकळा होतो. दोघेही कायद्यात बसतात. एमआरचा पगार आणि डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च वाचवून औषध स्वस्त व्हावं, ही जेनेरिकमागची कल्पना. इथे खर्च वाचतो आणि वाचलेले पैसे पेशंटपर्यंत पोहोचायच्या आधीच मुरतात. म्हणून नुसतं "जेनेरिक द्या" म्हणून भागत नाही. छापील किंमत बघायची आणि गोळीमागे किती पडले ते काढायचं.

यावर सरकारचा उतारा म्हणजे जनऔषधी केंद्र. 2008 साली अमृतसरच्या सरकारी रुग्णालयात पहिलं उघडलं. बरीच वर्षं ही योजना रडतखडत चालली आणि 2015 नंतर तिला वेग आला. आज देशात पंधरा हजारांहून अधिक केंद्रं आहेत, पालघर-बोईसरकडेही आहेत. भावाचा नियम असा की त्या औषधाच्या पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून जास्त किंमत ठेवायची नाही. इथे छापील किंमत हीच खरी किंमत असते, हा तिचा मोठा गुण. काकांच्या चिठ्ठीवरचं दुसरं औषध सिटाग्लिप्टिन होतं. त्याचं पेटंट जुलै 2022 मध्ये संपलं. सप्टेंबरात जनऔषधीनं 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना आणल्या. तेव्हा ब्रँडच्या दहा गोळ्यांना 162 ते 258 रुपये पडत होते. काकांच्या चिठ्ठीवर मात्र महागडंच नाव चालत आलं होतं, कारण जुनी चिठ्ठी पुढे 'कंटिन्यू' होत राहिली आणि पेटंट संपल्याची वार्ता तिच्यापर्यंत आली नाही. पेटंट संपल्यावर भाव कोसळतात. ते कोसळलेत का, हे वर्षाकाठी एकदा तरी डॉक्टरांना विचारावं, असं माझं प्रांजळ मत आहे.

तोडीचं औषध शोधायचं कसं, हे काकांना वेगळं शिकवावं लागलं नाही. बॅचशीट वाचायची सवय असलेला माणूस स्ट्रिपही तशीच वाचतो. सप्टेंबर 2018 पासून एकाच औषधाच्या गोळीवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा ठळक छापायचं बंधन आहे. मिश्रणांना त्यातून सूट आहे, आणि नेमका घोळ मिश्रणांतच होतो. गोळीत किती औषधं, प्रत्येक किती मिलिग्रॅम, हे सगळं तंतोतंत जुळायला हवं. त्याहून चकवणारी असतात ती नावामागची शेपटं: एसआर, एक्सआर, ईआर. साधी मेटफॉर्मिन पोटात लवकर सुटते, एसआर तासन्‌तास थोडी थोडी सुटते. पाचशे म्हणजे पाचशेच, असं समजून एकाऐवजी दुसरी घेतली तर पोट बिघडायला वेळ लागत नाही. एसआर गोळी अर्धी मोडून खाणारेही बरेच भेटतात. गोळी मोडली की ती हळूहळू सुटायची रचनाच मोडते.

मोबाइल हाताशी असेल तर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या ॲपवर ब्रँडचं नाव टाकलं की त्याच औषधाच्या इतर कंपन्यांच्या किमती दिसतात. 'जनऔषधि सुगम' वर मूळ नावानं शोधायचं आणि जवळचं केंद्र बघायचं. मात्र ॲपवर दिसलेलं औषध केंद्रात असेलच याची हमी नाही. यादीत दोन हजारांहून अधिक औषधं आहेत, पण फळीवर ती सगळी नसतात. "पुढच्या आठवड्यात या" हे वाक्य तिथेही ऐकू येतं, आणि रक्तदाबाच्या पेशंटनं आठवडाभर वाट बघायची नसते.

पालघर जिल्ह्याचं एक वेगळंच दुखणं आहे आणि मुंबईच्या लेखांतून ते कधी वाचायला मिळत नाही. इथला पेशंट उपचारासाठी बऱ्याचदा हद्द ओलांडतो. तलासरी, डहाणूचे लोक वापी-वलसाडला जातात, जव्हार, विक्रमगडकडचे सिल्व्हासाच्या सरकारी रुग्णालयात जातात. 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा झाला, आठ तालुके आले, तरी मोठं दुखणं निघालं की गाडी गुजरातच्या नाहीतर मुंबईच्या दिशेला लागते. तिकडचा डॉक्टर तिकडे चालणारा ब्रँड लिहितो. तो ब्रँड विकणाऱ्या कंपनीचा एमआर मनोर रोडवर फिरकलेला नसतो, मग तिचा स्टॉकिस्टही इथे नसतो. घरी आल्यावर पहिली स्ट्रिप संपते आणि मेडिकलवाला मान हलवतो, "हे इकडे येत नाही."

इथे प्रश्न स्वस्ताचा उरतच नाही, औषध मिळण्याचा होतो. मोखाड्याच्या पाड्यावरच्या माणसानं त्या एका नावासाठी पुन्हा सिल्व्हासा गाठायचं, मजुरी बुडवायची, एसटीचे पैसे घालायचे? बहुतेक जण तसं करत नाहीत. ते औषध थांबवतात. फिटचं किंवा टीबीनंतरचं एखादं औषध असं थांबलं की त्याची किंमत नंतर मोजावी लागते. त्या चिठ्ठीवर ब्रँडच्या बाजूला कंसात मूळ नाव असतं तर जव्हारचा फार्मासिस्टही निदान सांगू शकला असता की हे आपल्याकडे आहे, इथल्या डॉक्टरांकडून लिहून आणा. जेनेरिक नाव म्हणजे गरिबाला सवलत, अशी आपली समजूत आहे. मला ते औषधाच्या पत्त्यासारखं वाटतं. ब्रँडचं नाव फार तर तालुक्यापुरतं ओळखलं जातं, मूळ नाव कुठल्याही मेडिकलमध्ये ओळखू येतं.

मग डॉक्टर ते लिहीत का नाहीत? 2016 साली मेडिकल कौन्सिलनं नियम केला की मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. त्याची अंमलबजावणी किती झाली ते कुणाही पेशंटची फाइल उघडली की दिसतं. 2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यक आयोगानं कडक नियम आणला, मूळ नाव न लिहिल्यास कारवाईची तरतूद केली. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला आणि तीन आठवड्यांत नियम स्थगित झाला.

डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. ते म्हणतात, आम्ही नुसतं मूळ नाव लिहिलं तर कुठली कंपनी द्यायची हे दुकानदार ठरवणार, आणि तो जास्त मार्जिनवाली देणार. वर मार्जिनचा जो हिशेब मांडला तो पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. दर्जाची शंकाही पोकळ नाही. विद्राव्यता कमी असलेल्या औषधांचं नवं जेनेरिक मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं का, याची चाचणी सक्तीची झाली ती 2017 साली. त्याआधी परवाने मिळालेला बराच माल बाजारात आहे. केंद्रीय औषध नियंत्रकाच्या दर महिन्याच्या यादीत दर्जात नापास झालेली औषधं येतात. पण ती यादी नीट वाचली तर त्यात अनाम जेनेरिकही असतं आणि नामवंत ब्रँडही. मोठं नाव म्हणजे निर्धास्त, हे तारापूरच्या माणसाला तरी कुणी सांगू नये. ल्युपिनसारख्या बड्या कंपनीच्या इथल्या प्रकल्पाला अमेरिकेच्या एफडीएनं 2022 मध्ये इशारापत्र दिलं होतं. दर्जा तपासणाऱ्यानं राखायचा असतो. त्यासाठी निरीक्षक पुरेसे हवेत, नमुने वेळेत तपासले जायला हवेत. नमुन्यांचं काम डॉक्टरनं ब्रँड लिहून होत नाही. त्यामुळे डॉक्टरांचा आक्षेप मला पटतो आणि त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष पटत नाही. ब्रँड आणि मूळ नाव दोन्ही लिहायला कुणी अडवलेलं नाही.

स्वस्त औषधाचा विषय तारापुरात निघाला की आणखी एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातल्या सगळ्यात प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सर्वांत वर होतं. नवापूर, दांडी, मुरबेच्या मच्छीमारांना हे यादी यायच्या आधीपासून ठाऊक होतं. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. बल्कच्या धंद्यात किलोमागे काही रुपयांची चढाओढ चालते. चीनमधून येणारा कच्चा माल एका बाजूला, अमेरिकेचा खरेदीदार दुसऱ्या बाजूला. मधल्या मधे सांडपाणी आणि सुरक्षेवरचा खर्च कापायचा मोह सगळ्यांत आधी होतो. गोळीची खरी किंमत ज्यांनी मोजली त्यांना ती दुकानात स्वस्त मिळू नये, याचा मला राग येतो. लेखकानं राग आवरावा असा संकेत असला तरी.

काका पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी चिठ्ठीच्या मागे स्वतःच्या अक्षरात चारही मूळ नावं, मिलिग्रॅम आणि एसआर-बिसआर लिहून नेलं होतं. एवढी वर्षं बॅचशीट भरल्यामुळे अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं. डॉक्टर आधी जरा चपापले, मग हसले. सिटाग्लिप्टिन त्यांनी मूळ नावानं लिहून दिली. रक्तदाबाची टेल्मिसार्टनही, फक्त "फॉइलमधून आधी काढून डबीत भरून ठेवू नका, दमट हवेत ती बिघडते" एवढं सांगून. किनाऱ्यावरच्या गावात ही सूचना मोलाची आहे. मधुमेहाची जोडगोळी अगदी त्याच मापात जनऔषधीत त्या दिवशी नव्हती, म्हणून तिच्यासाठी डॉक्टरांनी दुसऱ्या, कमी भावाच्या कंपनीचं नाव घातलं.

चौथी थायरॉईडची. ती बदलायची नाही, म्हणाले. थायरॉक्सिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थोड्या फरकानंही रक्ताची तपासणी वरखाली होते. एक कंपनी धरली की तीच चालू ठेवायची, आणि बदलावीच लागली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची तपासणी पुन्हा करायची. फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन, मूत्रपिंड बदलल्यावरची औषधं यांनाही हेच लागू. श्वासाच्या पंपांचंही तसंच: पंप बदलला की ओढायची पद्धत बदलते, ती पुन्हा शिकावी लागते.

"मग ही महागच घ्यायची?" काकांनी विचारलं.

"काका, ही मुळात महाग नाहीच," डॉक्टर म्हणाले. काकांनी घरी येऊन बाटलीवरची किंमत शंभर गोळ्यांनी भागून पाहिली आणि त्यांना ते पटलं.